स्थानक जागचं हलत नाही

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’ या अवकाशकथांच्या टीव्ही मालिकांमध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’च श्रेष्ठ, असं माझा दादा ठासून सांगतो. मला ‘डीप स्पेस नाइन’ जास्त आवडते. तुमचं मत काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मी तुमच्या बाजूने. १९६६ची मूळ मालिका नसती तर पुढचं काहीच नसतं, हे खरंच. ‘नेक्स्ट जनरेशन’मधल्या ‘द इनर लाइट’ या भागात जहाजाचा कॅप्टन पिकार्ड काही मिनिटांत अख्खं आयुष्य जगतो, बासरी शिकतो; तो भाग मला आजही हलवतो. पण त्याचं जहाज, एंटरप्राइज, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ग्रहाकडे निघून जाते. ‘डीप स्पेस नाइन’चं (१९९३-९९) अवकाशस्थानक तिथेच राहतं, त्यामुळे केल्याचे परिणाम दारात येऊन उभे राहतात. ‘इन द पेल मूनलाइट’मध्ये रोम्युलन या परग्रहवासीयांना युद्धात ओढायला स्थानकाचा प्रमुख सिस्को खोटा पुरावा तयार करवतो, त्यापायी माणसं मरतात, आणि तो ते सगळं कॅमेऱ्याकडे बघून सांगतो. सिस्को साकारणाऱ्या एव्हरी ब्रूक्सचा तो चेहरा बघाच! पिकार्डच्या जहाजावर ही गोष्ट घडलीच नसती.

दादाला आधी पहिल्या सीझनचा ‘ड्युएट’ दाखवा. स्थानकावरची अधिकारी किरा आणि तिच्या ग्रहावर जुलूम केलेल्या कार्डेशियन जमातीचा एक कैदी, बराचसा भाग कोठडीतला. लढाया नंतर येतीलच.