म्युनिकमधलं बाळंतपण: आधी विमा, मग लगेच सुईण

नवऱ्याला जर्मनीत म्युनिकच्या नोकरीची ऑफर आहे, तुम्हाला तिसरा महिना सुरू आहे आणि तिथे सिझेरियनचं पॅकेज किती पडतं, असं तुम्ही विचारलंत. पॅकेज विसरा. टीके, एओके, बार्मर अशा क्रांकनकासेचा, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विमा संस्थेचा, विमा असेल तर नॉर्मल काय नि सिझेरियन काय, बिल तुमच्यापर्यंत येतच नाही. एरवी इस्पितळात दिवसाला १० युरो भरावे लागतात, बाळंतपणाला तेही माफ.

घोळ होतो तो विमा निवडताना. पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल (२०२५मध्ये ती वर्षाला ७३,८०० युरो होती) तर खासगी विमाही घेता येतो, आणि त्याचे एजंट मागे लागतात. हप्ता स्वस्त दिसतो, पण तो एकट्याचा. बायकोचा वेगळा, बाळाचा वेगळा. शिवाय बाळंतपणासाठी आठ महिने थांबावं लागतं, आणि दिवस गेल्यावर अर्ज केला तर नकाराचीच शक्यता जास्त. क्रांकनकासेत मात्र कमाई नसलेली बायको नवऱ्याच्या नावावर फुकट येते, गरोदर असली तरी. त्यासाठी विवाहाचा दाखला आणि इथल्या पत्त्याची नोंदणी लागते. व्हिसापुरत्या काढलेल्या विम्यात आधीचं गरोदरपण बहुधा वगळलेलं असतं, म्हणून नवऱ्याची नोकरी सुरू होण्याआधी तुम्ही येऊ नका.

खरी टंचाई हेबामेची, म्हणजे सुईणीची. बाळंतपणानंतर ती घरी येते, पहिले दहा दिवस हवं तर रोज, पुढेही बारा आठवड्यांपर्यंत गरजेप्रमाणे. टाके, बाळाचं वजन, दूध, सगळं बघते. पैसे क्रांकनकासे (थोडक्यात कासे) देते, पण मोठ्या शहरात ती मिळतच नाही. तिकीट काढायच्याही आधी ईमेल पाठवायला लागा, वीस-पंचवीस तरी. तेल-मालिशवाली बाई इथे नाही आणि आईला शेंगेन व्हिसावर ९० दिवसांहून जास्त राहता येत नाही, त्यामुळे हेबामे मिळणं किती मोलाचं ते समजून घ्या.

इस्पितळाऐवजी गेबुर्ट्सहाउस, म्हणजे सुईणींनी चालवलेलं प्रसूतिगृह, किंवा घरही चालतं. पण सुईण रात्री-अपरात्री तयार राहते त्याचे काही शे युरो आधी खिशातून जातात. बऱ्याच कासे त्यातले काही परत देतात. किती ते लेखी विचारा. तिथे एपिड्युरल (कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) मिळत नाही, जुळं किंवा पायाळू बाळ घेत नाहीत, आणि अडलं तर इस्पितळातच हलवतात.

सोनोग्राफी नियमाने तीनच: साधारण १०, २० आणि ३०व्या आठवड्यात. आपल्याकडच्या सवयीने दर महिन्याला हवी असेल तर पैसे तुमचे. नवऱ्यासह राहायची फॅमिली रूमही तशीच. भारतातले रिपोर्ट इंग्रजीत असले तरी चालतात. रक्तगटाचा कागद वर ठेवा.