तीन इम्प्लांट, एक लाख ऐंशी हजार: आधी एकच दाढ बसवा

भांडुपच्या एका काकांचं पत्र आलंय. वय ६३, खाजगी कंपनीतून २०२३ मध्ये निवृत्त. खालच्या जबड्यात डावीकडच्या शेवटच्या दोन दाढा गेल्यात, उजवीकडे मधली एक. क्लिनिकने तीन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) सांगितलेत: प्रत्येकी ५५ हजार आणि डावीकडे हाड कमी भरलं तर बोन ग्राफ्टचे, म्हणजे हाडाची भर घालायचे १५ हजार, म्हणजे एकूण १ लाख ८० हजार. महिनाअखेरपर्यंत पैसे भरले तर ‘विनाव्याज’ १८ हप्ते. मुलगा म्हणतो हप्ते घ्या, करातही सूट मिळेल. काकू म्हणतात, या वयात कशाला, कवळी करा. काका स्वतः ४ लाखांची एफडी मोडायच्या बेतात आहेत. मधुमेह आहे, दिवसाला दोन-चार सिगारेटीही होतात.

काका, दाढ बसवा. पण तीन नको, एफडीतून नको आणि या महिन्यात तर नकोच.

आधी काकूंच्या मुद्द्याचं बोलतो. डावीकडे मागे टेकायला एकही दात उरलेला नाही, त्यामुळे नेहमीचा ब्रिज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दातांवर टेकवलेला पक्का दात, तिथे बसत नाही. उरतात इम्प्लांट किंवा काढता-घालता येणारी अर्धी कवळी. कवळी काही हजारांत होते. पण खालच्या जबड्यात एकाच बाजूला मागे लटकणारी कवळी अनेकांना टोचते, हलते, आणि मग ती पेल्यातल्या पाण्यातच पडून राहते. वापरलीच नाही तर तेवढा खर्चही वायाच. तुम्ही लिहिलंय की भाकरी, चणे, काकडी सोडून सध्या मऊ भात आणि ब्रेडवर चाललंय. साखर असलेल्या माणसाने दातांपायी ब्रेडवर यावं, हे मला पैशाच्या हिशेबातही परवडणारं वाटत नाही. वय ६३ हे काही कारण नव्हे. स्वीडनमध्ये ब्रेनमार्क यांनी टायटॅनियमचा पहिला इम्प्लांट माणसाच्या जबड्यात बसवला तो १९६५ मध्ये, त्यामुळे पद्धत चांगली जुनी आहे. दहा वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात.

मात्र हा आकडा साखर ताब्यात असलेल्या आणि तंबाखूपासून लांब असलेल्या माणसांच्या बाजूने जास्त झुकतो. सिगारेटमुळे इम्प्लांट निकामी व्हायची शक्यता वाढते. साखर वाढलेली राहिली की जखम उशिरा भरते, पुढे हिरडीला संसर्ग होऊन इम्प्लांटभोवतीचं हाड झिजू लागतं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या आणि आकडा तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवा. ते थांबा म्हणाले तर थांबा, ५५ हजार तेवढ्यात कुठे पळून जात नाहीत. या तपासणीला पाचशेच्या आसपास लागतात. एवढ्या स्वस्तात एवढी मोठी जोखीम कळते, असं माझ्या धंद्यात तरी फार कमी वेळा होतं.

आता तीन का नकोत. डावीकडची अगदी शेवटची दाढ गेली तर ती बसवलीच पाहिजे असं नाही. तिच्या पुढची दाढ असली की बहुतेकांचं चावणं नीट चालतं, आणि पुष्कळ दंतवैद्य शेवटची जागा रिकामी ठेवतात. फक्त एवढं विचारा की वरची समोरची दाढ आधार नसल्याने खाली उतरतेय का. उत्तर ‘नाही’ असेल तर ५५ हजार तिथेच वाचले. हे विचारायला दुसऱ्या दंतवैद्याकडे जा, शक्यतो प्रोस्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे कृत्रिम दातांच्या तज्ज्ञाकडे, आणि एक्स-रे सोबत न्या.

उजवीकडची गोष्ट वेगळी आहे. तिथे पुढेमागे दोन्ही दात आहेत, म्हणून ब्रिज होऊ शकतो. तुमच्या क्लिनिकने ब्रिजचे दर युनिटला ८ हजार सांगितलेत, तीन युनिटचे (गेलेली दाढ आणि शेजारचे दोन दात) २४ हजार. ब्रिज साधारण दहा ते पंधरा वर्षं जातो. वीस वर्षांचा हिशेब धरला तर तो दोनदा करावा लागेल, आजच्या भावात ४८ हजार. इम्प्लांट ५५ हजार, आणि मधे कधीतरी वरची कॅप बदलावी लागली तर आणखी १५-२० हजार. म्हणजे ‘इम्प्लांट एकदाच, ब्रिज परत परत’ हे ऐकायला बरं वाटतं, रुपयांत तसा फरक पडत नाही. ब्रिजचा खरा तोटा हा की शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात, आणि त्यातला एक किडला की सगळा ब्रिज जातो. तुमच्या त्या रिकाम्या जागेच्या पुढच्या दाताचं रूट कॅनॉल होऊन त्यावर कॅप आहेच, म्हणजे निम्मं नुकसान आधीच झालंय. तो दात भार घेईल असं तज्ज्ञाने सांगितलं तर उजवीकडे मी ब्रिजच घेतला असता.

पैसे कुठून? तुमचे १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी आहेत, दर तिमाहीला ३०,७५० रुपये हातात येतात. घरखर्च काकूंच्या पेन्शनवर भागतो असं तुम्हीच लिहिलंय. इम्प्लांटचा स्क्रू बसवला की हाड त्याला धरायला तीन-चार महिने लागतात, कॅप त्यानंतरच बसते. मग पैसेही तसेच टप्प्याने द्या: पहिल्या तिमाहीच्या व्याजातून तपासण्या आणि शस्त्रक्रिया, दुसऱ्यातून कॅप, तिसऱ्यातून उजवीकडचा ब्रिज. दोन्ही मिळून ७९ हजार, ग्राफ्ट लागलाच तर ९४ हजार, मग थोडे पैसे चौथ्या तिमाहीच्या व्याजातून द्या. एफडीला हात लागत नाही, आणि तो लागूच नये. तुम्हा दोघांचा मेडिक्लेम ५ लाखांचा आहे. मुंबईत खाजगी रुग्णालयात मोठं आजारपण निघालं तर वरचे पैसे त्या ४ लाखांतूनच द्यावे लागणार.

विनाव्याज हप्त्यांबद्दल: रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज किमतीत मिसळलेलं असतं किंवा प्रोसेसिंग फीमध्ये. ‘सगळे एकदम दिले तर किती?’ एवढंच विचारा. आकडा खाली आला तर तो फरक म्हणजे व्याज.

मुलाला सांगा, करसवलत तुम्हाला लागू नाही. प्राप्तिकरात ज्येष्ठांना वैद्यकीय खर्चाची ५० हजारांपर्यंत वजावट मिळते ती जुन्या करपद्धतीत, आणि ज्यांच्या नावावर आरोग्य विमा नाही अशांना. तुमचा विमा चालू आहे. मेडिक्लेमही अपघात सोडून दातांचा खर्च सहसा देत नाही, तरी पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का ते पाहून घ्या.

खर्च आणखी कमी करायचा असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. वेळ जातो, फेऱ्या होतात, पण तुम्ही निवृत्त आहात आणि भांडुपहून गाडी थेट सीएसएमटीला जाते. ब्रिजचं तरी तिथे जरूर विचारा.

क्लिनिक कुठलंही असो, कोटेशन फोडून घ्या: स्क्रू, अ‍ॅबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा तुकडा), कॅप, सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे), ग्राफ्ट, सगळं वेगळं. कंपनीचं नाव लिहून घ्या आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलला चिकटवून मागा. आठ वर्षांनी तो डॉक्टर गाळा सोडून गेला तर दुसऱ्याला कोणता सुटा भाग मागवायचा ते त्यावरूनच कळतं. ‘आयुष्यभराची वॉरंटी’ बहुतेक वेळा फक्त धातूच्या स्क्रूची असते, पुन्हा बसवण्याची फी तुम्हालाच द्यावी लागते. दरवर्षी सफाई आणि तपासणीला दोन-तीन हजार बाजूला ठेवा.

महिनाअखेरची ऑफर जाऊ द्या. जबड्याचं हाड तारीख बघून भरत नाही, आणि अशी ऑफर बहुधा पुढच्या सणाला पुन्हा येते. पुढच्या तिमाहीचं व्याज जमा होईल तोवर एचबीए१सी आणि दुसऱ्या तज्ज्ञाचं मत, ही दोन कामं उरकून घ्या. सिगारेटही त्याच दिवसांत सोडायला लागा.