‘डिमांडेड’ का खटकतं? फ्रेंच शाळेतल्या मुलीचे इंग्रजी संवाद

मॉन्ट्रियलमध्ये राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: “लेक तिथल्या फ्रेंच शाळेत शिकते, घरी आम्ही मराठी बोलतो. इंग्रजीच्या तासाला बहीणभावाच्या भांडणाचा संवाद लिहायला दिला होता. तिने प्रत्येक प्रश्नानंतर ‘ही डिमांडेड’, ‘शी डिमांडेड’ असं लिहिलं. बाईंनी त्याखाली रेघा मारल्या आणि शेरा दिला की व्याकरण ठीक आहे, पण ही मुलं खरी बोलत नाहीत. फ्रेंचमध्ये ‘दमांदे’ म्हणजे विचारणंच ना? मग चुकलं काय, आणि संवाद जिवंत करायचा म्हणजे करायचं काय?”

आधी शब्दाचं पाहू, कारण बाकीचं उत्तर त्यातूनच निघतं.

‘दमांदे’ आणि ‘डिमांड’ हे एकाच लॅटिन क्रियापदाचे वंशज. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘सोपवणं’ असा होता. फ्रेंचमध्ये तो सरकत सरकत ‘मागणं’ आणि ‘विचारणं’ यावर आला आणि रोजच्या वापरात अगदी साधा झाला. रस्ता विचारा, वेळ विचारा, आईला परवानगी विचारा, सगळीकडे ‘दमांदे’. इंग्लंडात मात्र हा शब्द राज्यकर्त्यांच्या आणि कोर्टाच्या फ्रेंचमधून रुजला, आणि तिथं त्याला हक्काने, दाव्याने मागण्याचा वास चिकटला तो कायमचा. म्हणून “व्हेअर इज मम?” ही डिमांडेड, असं लिहिलं की तो भाऊ आईची चौकशी करत नाही, तो जाब विचारतो. संवादात एकदा कुणी खरंच जाब विचारला तर हा शब्द उत्तम आहे. पण प्रत्येक प्रश्नाला जाब विचारणारा मुलगा वाचकाला असह्य होतो.

आता यामागचं मोठं कारण. फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकलं आणि पुढची सुमारे तीन शतकं दरबाराची, कायद्याची आणि प्रतिष्ठेची भाषा फ्रेंच राहिली. कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा १३६२ साली झाला, आणि तो कायदाही लिहिला गेला फ्रेंचमध्येच. या काळात फ्रेंच शब्द इंग्रजीत आले ते वरच्या मजल्यावर. शेतात, अंगणात आणि चुलीपाशी जुने जर्मानिक, म्हणजे मूळचे इंग्रजी, शब्द राहिले. त्यामुळे इंग्रजीत आजही एकाच कृतीला दोन शब्द सापडतात आणि त्यांची उंची वेगळी असते: ‘कमेन्स’ आणि ‘स्टार्ट’, ‘डिसेंड’ आणि ‘गो डाउन’, ‘एंटर’ आणि ‘कम इन’.

फ्रेंच शाळेतल्या मुलीची अडचण इथेच आहे. ‘कोमांसे’, ‘देसांद्र’, ‘आंत्रे’ हे तिच्या भाषेतले तीन वर्षांच्या बाळालाही येणारे शब्द. इंग्रजीत त्यांचे ओळखीचे चेहरे दिसले की ती त्यांनाच हाक मारते, आणि तिच्या नकळत भांडणारी भावंडं दरबारी भाषेत बोलू लागतात. मराठीत आपण हा फरक लगेच ओळखतो. “आत ये” आणि “प्रवेश कर” यांचा अर्थ एकच आहे, पण धाकट्या भावाला दारातून “प्रवेश कर” म्हणणारी बहीण कुणी पाहिलेली नाही. तिला हे मराठीतून समजावून सांगा. तिच्याकडे तिसरी भाषा आहे हा तिचा मोठा फायदा आहे, आणि तो वर्गात वापरायला मिळेलच असं नाही, घरीच वापरावा लागेल.

यातला सर्वांत फसवा शब्द ‘सपोर्ट’. फ्रेंचमध्ये “मला तो सहन होत नाही” म्हणताना ‘सुपोर्ते’ येतो. “आय कॅनॉट सपोर्ट हिम” लिहिलं की इंग्रजी वाचकाला वाटतं, ही त्याच्या बाजूने उभी राहू शकत नाही. बोलणारी इंग्रज मुलगी म्हणेल, “आय कान्ट स्टँड हिम.” बोलीतल्या इंग्रजीचा सगळा जोर अशा छोट्या क्रियापदांत आणि त्यांना लागलेल्या ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘बॅक’ या शेपटांत आहे: ‘शट अप’, ‘गेट आउट’, ‘हँग ऑन’, ‘गिव्ह इट बॅक’. हे फ्रेंचमधून मिळत नाही. मराठीतून थोडं मिळतं, कारण आपणही ‘सांगून टाक’, ‘निघून जा’, ‘खाऊन घे’ असं म्हणतो आणि त्या ‘टाक’, ‘जा’, ‘घे’मध्येच बोलणाऱ्याची घाई, राग किंवा माया असते.

दुसरी गोष्ट ‘सेड’ची. फ्रेंच शाळेत एकच शब्द दोनदा आला की समासात ‘रेपेतिसियों’, म्हणजे पुनरुक्ती, अशी खूण पडते. मुलांना बोलण्याच्या क्रियापदांच्या याद्या दिल्या जातात: उद्गारला, प्रत्युत्तरला, कुजबुजला, सुस्कारला. फ्रेंच गद्यात ही विविधता शोभते, कारण तिथं ती शैलीचा भाग आहे. इंग्रजी कथेत उलट आहे. ‘सेड’ वाचकाच्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही आणि म्हणूनच तो चांगला. ओळीओळीला ‘एक्सक्लेम्ड’, ‘रिटॉर्टेड’, ‘म्युझ्ड’ आलं की वाचक संवाद सोडून क्रियापदांकडे बघत बसतो. मला तर वाटतं की या याद्या इंग्रजीच्या तासापुरत्या बाजूला ठेवाव्यात. दोनच माणसं बोलत असतील तर बरेचदा ‘सेड’चीही गरज नसते, कोण बोलतंय ते बोलण्यावरूनच कळतं. आणि कळत नसेल, तर दोघांच्या बोलण्यात पुरेसा फरक पडलेला नाही असं समजावं. क्रमाचंही एक लक्षात ठेवायचं. फ्रेंचमध्ये मधेच येणारं ‘म्हणाला तो’ उलट्या क्रमाने लिहावं लागतं, ‘दि-तिल’. इंग्रजीत ‘सेड ही’ जुन्या परीकथेसारखं वाटतं, ‘ही सेड’ लिहावं.

विरामचिन्हांत फार अडकायला नको, पण चूक इथेही होते. फ्रेंच पुस्तकात संवाद कोनी अवतरणांत सुरू होतो, पुढची माणसं लांब रेघेने ओळखली जातात, आणि ‘ती म्हणाली’ हे अवतरण बंद न करताही आत येतं. इंग्रजीत प्रत्येकाचं बोलणं आपापल्या अवतरणांत बंद करायचं आणि वक्ता बदलला की नवा परिच्छेद. मराठीची विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्यामुळे इंग्रजीवरूनच रूढ झाली, त्यामुळे घरातलं कुठलंही मराठी गोष्टींचं पुस्तक तिला नमुना म्हणून चालेल.

खरी गंमत आहे ती जोर देण्यात. एखादी गोष्ट कुणी केली यावर जोर द्यायचा तर फ्रेंच वाक्याची रचनाच बदलते: “से म्वा की...”, म्हणजे “ती मीच जिने...”. मुलगी त्याचं इंग्रजी करते, “इट इज मी हू डिड इट.” बोलणारं इंग्रजी रचना बदलत नाही, आवाज बदलतं. “आय डिड इट” मधला ‘आय’ जोरात म्हटला की झालं, छापताना तो तिरक्या अक्षरांत टाकतात. मराठीला यातलं काहीच करावं लागत नाही, आपण एक ‘च’ लावतो: “मीच केलं.” तिला सांगा, मनात ‘च’ आला की इंग्रजीत शब्द तिरका करायचा, “इट इज” ने सुरुवात करायची नाही.

आणखी एक जोडी तर मला फारच आवडते. “तू गेलीच नाहीस,” असं कुणी म्हटलं आणि आपण गेलो असू, तर मराठीत म्हणतो, “गेले होते की!” फ्रेंचमध्ये या जागी खास शब्द आहे, ‘सी’. होकारासाठी ‘वी’, पण समोरच्याचा नकार खोडायचा असेल तर ‘सी!’. इंग्रजीत असा वेगळा शब्द नाही. मुलगी मग “यस!” लिहून मोकळी होते आणि ओळ लंगडी पडते. इंग्रज मुलगी म्हणेल, “आय डिड!” ते छोटं साहाय्यक क्रियापद इंग्रजीत आपल्या ‘की’चं काम करतं. “यू कान्ट स्विम.” “आय कॅन!” “शी इजन्ट कमिंग.” “शी इज!” भावंडांच्या भांडणात निम्म्या ओळी याच घडणीच्या असतात. ही एक गोष्ट जमली तरी तिचा संवाद बराच जागा होईल.

याचंच दुसरं टोक म्हणजे वाक्याच्या शेवटचं ‘ना?’. आपला ‘ना’ कधी बदलत नाही. फ्रेंचचं ‘नेस-पा’ आणि ‘एं’ही बदलत नाही. इंग्रजीत मात्र शेपूट क्रियापदाप्रमाणे बदलतं: “यू टुक इट, डिडन्ट यू?”, “शी’ज लेट, इजन्ट शी?” सगळीकडे ‘इजन्ट इट’ लावणं ही फ्रेंच मुलांची सवय, आणि आपलीही. कॅनडातल्या बोलीत कधीच न बदलणारं ‘एह?’ मिळतं, आणि पात्र तिथलंच असेल तर ते वापरायला काहीच हरकत नाही.

आता मुख्य युक्ती. ती बहुधा आधी मनात फ्रेंच वाक्य तयार करत असणार, आणि ते शाळेतलं, वहीतलं फ्रेंच असणार. मधल्या सुट्टीत ती तसं बोलत नाही. ‘मला माहीत नाही’ याचं वहीतलं फ्रेंच ‘झ न से पा’, तोंडातलं ‘शे पा’. ‘मी दमलेय’ यासाठी क्वेबेकची, म्हणजे तुमच्याच प्रांतातली, मुलं ‘शु फातिगे’ म्हणतात. ‘चांगलं आहे का?’ यासाठी ‘से-त्सू बों?’ म्हणतात, आणि तिथला ‘त्सू’ म्हणजे ‘तू’ नव्हे, तो चक्क आपल्या ‘का’सारखा प्रश्न दाखवतो. संवाद इंग्रजीत लिहायचा असेल तेव्हा तिने मनात हे मधल्या सुट्टीतलं फ्रेंच आणावं. म्हणजे ‘आय डू नॉट नो’ ऐवजी ‘डोन्ट नो’ आपोआप सुचतं, कारण तोडलेलं वाक्य तोडलेल्या वाक्याला बोलावतं.

ज्या शहरात ती वाढते आहे, तिथं या तोडलेल्या बोलीवरून मोठा वादही झालेला आहे. मॉन्ट्रियलच्या कामगारवस्तीतल्या बोलीला ‘जुआल’ म्हणतात. ‘शवाल’, म्हणजे घोडा, या शब्दाच्या तिथल्या उच्चारावरून ते नाव पडलं. मिशेल त्रांब्ले यांचं ‘ले बेल-सर’ हे नाटक १९६८ मध्ये त्या बोलीत रंगमंचावर आलं, तेव्हा ही भाषा नाटकाला शोभते का यावर लोक तुटून पडले. आज ते क्वेबेकचं अभिजात नाटक मानलं जातं. विशेष म्हणजे पुढे १९८९ मध्ये ते ग्लासगोत स्कॉट्स बोलीत झालं, कारण नाटकातल्या कामगारवस्तीतल्या बायकांचं बोलणं पुस्तकी इंग्रजीत उतरत नव्हतं, एका शहरी बोलीला दुसरी तशीच बोली लागत होती. तुमच्या मुलीला शाळेतल्या संवादापुरतं हेच करायचं आहे: तोंडच्या फ्रेंचला तोंडचं इंग्रजी.

उद्गारांचं भाषांतर मात्र अजिबात करू नये. ‘आले!’ म्हणजे ‘गो’ नव्हे, ‘कम ऑन!’. ‘तियां!’ म्हणजे ‘होल्ड’ नव्हे, ‘हिअर’ किंवा नुसतंच ‘ओह’. ‘आंफँ’ म्हणजे दर वेळी ‘फायनली’ नव्हे, बरेचदा ‘आय मीन’. आपणही ‘अगं’चं इंग्रजी शोधत नाही, ती जागा ‘लुक’ किंवा ‘लिसन’ने भरतो.

आता एक नमुना, मी केलेला. आधी फ्रेंचमधून उतरलेला:

“यू हॅव टेकन माय बायसिकल?” डिमांडेड लिओ.
“नो, इट इज नॉट मी हू हॅज टेकन इट!” एक्सक्लेम्ड एमा.
“इट इज यू हू हॅड द की, इज इट नॉट?” रिटॉर्टेड लिओ.
“यस, बट मॅक्स ऑल्सो हॅड द की. आय ॲम ऑक्युपाइड.”

आणि हाच बोलका केलेला:

“यू टुक माय बाइक.”
“आय डिडन्ट.”
“यू हॅड द की, डिडन्ट यू?”
“सो डिड मॅक्स.” एमा टर्न्ड अ पेज. “लुक, आय’म बिझी.”

पहिली ओळ प्रश्न राहिलेली नाही, आरोप झाली आहे, म्हणून ‘डिमांडेड’ची गरजच उरली नाही, जाब त्या वाक्यातच आहे. एमा किल्लीबद्दल सरळ हो म्हणत नाही, मॅक्सकडे बोट दाखवते. भांडणारी माणसं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर क्वचितच देतात, आणि हे कुठल्याही भाषेत खरं आहे. ती पान उलटते तेवढ्याने बोलणारी कोण तेही कळलं आणि तिची बेफिकिरीही, ‘सेड’सुद्धा लागला नाही.

शेवटी ‘तू’ आणि ‘तुम्ही’चं, कारण पुढच्या संवादात आई किंवा शेजारच्या आजी आल्या की ही अडचण येईलच. मराठीत आणि फ्रेंचमध्ये हे नातं सर्वनामातच असतं, इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’. तिथं अंतर दाखवायचं ते विनंतीच्या लांबीने. भावाला “मूव्ह”, मैत्रिणीला “कॅन यू मूव्ह?”, आजींना “वुड यू माइंड मूव्हिंग अ लिटल?” आणि आई चिडलीय हे दाखवायचं असेल, तर तिच्या तोंडी मुलाचं लाडकं नाव न घालता आडनावासकट पूर्ण नाव घालावं. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं ते ऐकताच काय समजायचं ते समजतात.