टीव्ही घेण्याआधी भिंत बघा

प्रश्न : काका, रामराम. सोयाबीनचे पैसे हातात आलेत, तर घरात मोठा टीव्ही घ्यायचा विचार आहे. बैठकीत जिथं टीव्ही लावायचा तिथून समोरचा दिवाण दहा फुटांवर आहे. आई बाजूला बाजेवर असते, लेकरं खाली सतरंजीवर, आणि मॅच असली की शेजारपाजारचे दारापर्यंत बसतात. पोरगा ६५ इंची म्हणतो. लातूरचा दुकानदार म्हणतो, थोडे पैसे वाढवा आणि ७५ न्या. घरी फ्री डिश आहे. घर आजोबांच्या काळचं, माळवदाचं, भिंती दगडमातीच्या. साठ हजारांपर्यंत जाता येईल. काय घेऊ?
— एक शेतकरी, औसा तालुका

उत्तर : दादा, ५५ इंची घ्या. आणि तो भिंतीला टांगू नका, टेबलावर ठेवा. मी अंबाजोगाईत डबा टीव्हीच्या काळापासून दुरुस्तीचं काम करतो आणि तुमच्यासारख्या पुष्कळ घरांत जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भिंतीपासूनच सुरू करतो, कारण दुकानात हे कुणी विचारत नाही. दगडमातीची भिंत दोन-अडीच फूट जाड असते, बघायला दणकट दिसते. पण ड्रिल मारलं की बिट एक तर दगडावर अडतं, नाही तर सांध्यातल्या मातीत सरळ घुसतं. मातीत बसवलेला फास्टनर आवळताना घट्ट वाटतो. भिंतीनं पावसाळ्यात ओल धरली आणि ती पुन्हा वाळली, की तोच फास्टनर हाताने हलतो. ५५ इंची टीव्हीचं वजन साधारण १२ ते १८ किलो. ते सगळं चार बोल्टांवर, आणि खाली सतरंजीवर लेकरं. मला हे पटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तुमच्याच तालुक्यातल्या किल्लारीत अशा भिंतींचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. घराला त्यानंतर मजबुती करून घेतली असेल तर उत्तम. नसेल, तर टीव्हीच्या आधी एखाद्या इंजिनिअरला घर दाखवून घ्या. हे मी अगदी मनापासून सांगतोय.

टेबल साडेचार फूट लांब आणि दीड फूट उंच करून घ्या. बऱ्याच टीव्हींचे पाय अगदी दोन टोकांना असतात, त्यामुळे आखूड टेबलावर ते बसत नाहीत. पायांमधलं अंतर दुकानात टेपने मोजून मगच सुताराला सांगा. दीड फूट उंची अशासाठी, की खाली बसलेल्याची नजर जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असते आणि दिवाणावर बसलेल्याची साडेतीन फुटांच्या आसपास. पडद्याचा मध्य या दोन्हींच्या दरम्यान येतो. पूर्वी दारावर, घड्याळाखाली टीव्ही चढवायची पद्धत होती. तसं केलं तर तासाभरात मान धरते. लेकरं ओढतील म्हणून टीव्ही मागून पट्ट्याने टेबलाला बांधा. माळवद जिथं गळतं किंवा माती झडते, त्या खाली टेबल मांडू नका.

आता इंचांचं. इंच मोजतात ते पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत. ५५ इंची म्हणजे ४ फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच. ६५ इंची पावणेपाच फूट रुंद आणि २ फूट ८ इंच उंच. जुने पेपर जोडून या दोन्ही मापांचे चौकोन कापा, भिंतीला चिकटवा आणि संध्याकाळी सगळे आपापल्या जागी बसून बघा. नुसता अंतराचा हिशोब केला तर पोराचं चुकत नाही. ६५ इंचीसाठी नऊ फूट चांगले, ५५ साठी साडेसात. दहा फुटांवरून ६५ छानच दिसेल.

पण तुमच्या घरात चित्र येतं ते फ्री डिशवरून, आणि सगळा फरक तिथं पडतो. साध्या चॅनलचं चित्र जास्तीत जास्त ७२० × ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे चार लाख चौदा हजारांच्या आसपास. ४के पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे ब्याऐंशी लाख चौऱ्याण्णव हजार ठिपके. आलेल्या एका ठिपक्यावर टीव्हीला वीस ठिपके भरून काढावे लागतात. पडदा जेवढा मोठा, तेवढं हे भरलेलं चित्र उघडं पडतं. चेहरे मेणाचे दिसतात, चेंडू हिरवळीत विरघळून जातो. सतरंजीवरची लेकरं तर पाच-सहा फुटांवरच असतात, त्यांना हे सगळ्यात जास्त जाणवेल. दुकानात जे झगमगीत चित्र दिसतं ते पेन ड्राइव्हमधल्या ४के क्लिपचं असतं, चॅनलचं नव्हे. म्हणून दुकानदाराला साधा सेट-टॉप बॉक्स जोडायला लावा, पिक्चर मोड 'व्हिविड'वरून 'होम' किंवा 'मूव्ही'वर आणायला लावा, आणि सह्याद्री लावून बघा. दुकानदार कंटाळला तरी हरकत नाही, पैसे तुमचे आहेत. गावात फायबर आलं असेल, २५ एमबीपीएसचा वेग खरोखर मिळत असेल आणि घरात मॅच नेटवरूनच बघत असाल, तर मात्र पोराचं ऐका आणि बजेटात बसला तर ६५ न्या. ७५ नको. साठ हजारांत ७५ इंची बसवायचा तर कंपनी कुठं तरी काटकसर करते, आणि ती बहुतेक पॅनेलमध्ये असते.

पॅनेल म्हणजे टीव्हीचा जीव. 'एलईडी टीव्ही' म्हणून मिळतो तो खरं तर एलसीडी पडदाच, मागून एलईडीचा उजेड दिलेला. त्यात दोन जाती मुख्य. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद, रात्रीचा सिनेमा सुरेख दिसतो, पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएस पॅनेलचा काळा थोडा राखाडी, पण बाजूनेही रंग टिकतात. तुमची आई बाजूच्या बाजेवर असते. त्यांना टीव्ही तिरपाच दिसणार, आणि दिवसभर घरात टीव्ही बघणाऱ्याही त्याच. म्हणून तुम्ही आयपीएस मागा. दुकानदाराला जात सांगता आली नाही तर पडद्यावर माणसाचा चेहरा थांबवा आणि समोरून चालत बाजेच्या कोनापर्यंत जा. चेहरा फिका झाला तर तो सेट तुमच्या घराचा नाही. आईंनाच सोबत नेता आलं तर त्याहून चांगलं.

शेवटचं, विजेचं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या सेटांत आपोआप बिघडलेले कमी आणि विजेने मारलेले जास्त असतात. कमी व्होल्टेजची फार काळजी करू नका. टीव्हीच्या मागे १००–२४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं आणि त्या मर्यादेत तो निभावून नेतो. घात होतो न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार, तुटली की. तेव्हा सिंगल फेजच्या घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि पॉवर सप्लाय क्षणात जळतो. त्यासाठी हाय कट-ऑफ (व्होल्टेज फार वाढलं की वीज तोडणारा) आणि उशिरा चालू होणारा टायमर असलेला स्टॅबिलायझर घ्या. लाईट परत येताना जो झटका बसतो, तोही त्याने टळतो. अर्थिंगचा खड्डा बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंग कोरडं पडतं, म्हणून अधूनमधून त्यात पाणी ओता. पण कडाडणाऱ्या विजेला कुठलाच स्टॅबिलायझर अडवत नाही. अवकाळीचे ढग दिसले की टीव्हीचा प्लग काढाच, आणि डिशची केबलही काढा. लोक प्लग काढतात आणि केबल तशीच ठेवतात. मग वीज छतावरच्या छत्रीतून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयच्या वाटेने टीव्हीच्या मुख्य बोर्डात शिरते. असं झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावू नका, आधीच काढा.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला दुकानात ओएलईडी टीव्ही पाहिला आणि डोळ्यांसमोरून जाईना. परवडेल असं वाटतं. आमची बैठक पश्चिमेला आहे, मामंजी दिवसभर बातम्या लावून बसतात. घ्यावा का?
— एक शिक्षिका, सेलू

उत्तर : ताई, तुमची नजर चोख आहे. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा खरोखर काळा दिसतो. आज घरगुती टीव्हीत त्याहून सुंदर चित्र मी पाहिलेलं नाही. तरी तुमच्या घरासाठी नको म्हणेन. बातम्यांच्या चॅनलचा लोगो आणि खालची लाल पट्टी रोज तासन्‌तास एकाच जागी राहते. ओएलईडीचे तिथले ठिपके इतरांच्या आधी थकतात आणि लोगोचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो. सासऱ्यांनी आवडीच्या बातम्या बघायच्या नाहीत असं तर आपण म्हणणार नाही. शिवाय दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन समोरून आलं की त्या गडद काळ्याची अर्धी मजा जाते.

त्याच पैशांत मिनी-एलईडीचा, म्हणजे मागून बारीक बारीक एलईडींचा उजेड दिलेला, क्यूएलईडी बघा. नावं सारखी वाटतात पण क्यूएलईडी हा एलसीडीच आहे, रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर दिलेला. उजेड भरपूर, डागाची भीती नाही. टीव्ही दाराच्या समोरच्या भिंतीला न लावता दाराच्या काटकोनातल्या भिंतीला लावा, आणि दाराला जाड पडदा करा.

प्रश्न : तोच टीव्ही ऑनलाइन चार हजारांनी स्वस्त मिळतोय. घ्यावा की गावातल्या दुकानातून?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : आधी त्या कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा आणि तुमचा पिनकोड सांगून विचारा, घरी येणारा माणूस कुठून येतो. नांदेडहून येत असेल तर ठीक. पॅनेल गेलं तर ते बदलण्याचा खर्च जवळपास नव्या टीव्हीएवढा जातो. म्हणून पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची, हे लेखी बघा. जिथं ती जास्त, तिथं चार हजार गेले तरी चालतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. दुकानात भाव विचारताना बिलावर हाच दर लावणार ना, एवढं बघून घ्या.

ऑनलाइन घेतलाच, तर खोका स्वतः फोडू नका. कंपनीचा माणूस आला की त्याच्यासमोर उघडा, सुरुवातीपासून व्हिडिओ काढा आणि पडदा पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा करून कोपरे तपासा. फुटका निघाला आणि विक्रेता ऐकेना, तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो तेव्हा हाताशी लागेल.