नाणं एकाचं, घुबड दुसऱ्याचं

प्रश्न: जुन्या ग्रीक नाण्यांचे फोटो बघायचा नाद लागलाय. अथेन्सचं घुबडवालं नाणं आता लगेच ओळखू येतं, पण तसंच घुबड इजिप्त आणि येमेनच्या नाण्यांवरपण दिसलं. ही सगळी खोटी नाणी समजायची का? तेव्हा कुणी पकडत नव्हतं का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: नाही हो, सरसकट खोटी अजिबात नाही. खोटं नाणं म्हणजे आत तांबं किंवा शिसं आणि वरून चांदीचा पातळ पत्रा. तुम्ही बघितलेल्यातली बरीचशी नाणी चांगल्या चांदीची आहेत, फक्त चित्र अथेन्सचं. अथेन्सचं चार द्राक्माचं (द्राक्मा हे ग्रीक चलन) नाणं साधारण 17.2 ग्रॅमचं, चांदी लॉरियनच्या खाणीतली, आणि एका बाजूला अथेना ही देवी, दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि अथेन्सच्या नावाची तीन अक्षरं हा छाप इतका विश्वासाचा झाला होता की लोक दुसरं काही घ्यायलाच तयार नसायचे. इजिप्तमध्ये इ.स.पू. चौथ्या शतकात भाडोत्री ग्रीक सैनिक होते, त्यांना पगार ओळखीच्या नाण्यातच हवा, मग तिथेच घुबडं पाडायला सुरुवात झाली. पुढे इराणचा राजा तिसरा आर्टाझर्क्सिस याने इजिप्त जिंकलं तरी घुबड तसंच राहिलं, फक्त बाजूला इजिप्तच्या डेमोटिक लिपीत त्याचं नाव आणि फॅरो (इजिप्तचा राजा) ही पदवी आली. येमेनच्या नाण्यांवर तर अथेनाच्या गालावरच तिकडच्या लिपीतलं अक्षर असतं, फोटो मोठा करून बघा, स्पष्ट दिसतं.

आता पकडण्याचं. यावर अथेन्सने चक्क कायदा केला होता, इ.स.पू. 375 च्या सुमाराचा, निकोफोन नावाच्या माणसाने मांडलेला. तो कोरलेला दगड अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेच्या उत्खननात 1970 मध्ये सापडला. त्यात लिहिलंय की सरकारी मालकीचा एक गुलाम सराफांच्या टेबलांमध्ये बसून नाणी तपासेल. आत तांबं, शिसं निघालं किंवा नाणं बनावट असलं तर जागच्या जागी छिन्नीने कापायचं आणि ते देवमातेच्या नावे जमा करायचं. पण छाप अथेन्सचा आणि नाणं परक्या ठिकाणचं असेल तर ज्याने आणलं त्याला परत द्यायचं, बस्स! या ओळीतली काही अक्षरं तुटलीत, पण बहुतेक अभ्यासक ती अशीच वाचतात. आणि तपासणाऱ्याने पास केलेलं नाणं दुकानदाराने नाकारलं तर त्याचा त्या दिवसाचा माल जप्त, तपासणाऱ्याने कामात कसूर केली तर त्याला 50 फटके. मला हा कायदा फार आवडतो, कारण नक्कल आणि फसवणूक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं, आणि आपण मात्र आज दोन्हीला एकाच नावाने हाक मारतो.

प्रश्न: लॅरिसाच्या नाण्यावरची बाई आणि सिराक्यूजच्या नाण्यावरची बाई एकच आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: एक नाही, पण चेहरा तिथूनच आला. सिसिलीतल्या सिराक्यूजमध्ये इ.स.पू. 405 च्या आसपास किमोन नावाच्या कारागिराने अरेथुसा या जलदेवतेचा समोरून दिसणारा चेहरा कोरला, केस मोकळे, केसांत पोहणारे डॉल्फिन, आणि कपाळपट्टीवर स्वतःचं नाव. नाण्यावर समोरून चेहरा कोरणं अवघड, नाक सगळ्यात आधी झिजतं, तरी त्याने ते असं जमवलं की बघत राहावं. मग ग्रीसच्या थेसली प्रांतातल्या लॅरिसा या गावाने तोच चेहरा घेतला, पण तिला आपल्या गावाची देवता केलं आणि डॉल्फिन काढून टाकले, गाव नदीकाठचं, समुद्रापासून आत. मागच्या बाजूला चरणारा घोडा, कारण थेसली घोड्यांसाठीच नावाजलेली. हाच चेहरा पुढे आजच्या तुर्कस्तानातल्या टार्ससला इराणी सरदार फार्नाबाझसच्या नाण्यांवरही गेला. घुबडाची नक्कल विश्वासासाठी झाली, इथे मला तरी वाटतं की चेहरा आवडला म्हणूनच घेतला, कारण लॅरिसाचं नाणं वजनाने सिराक्यूजच्या नाण्यापेक्षा वेगळं होतं, बाजारात कुणाचा घोटाळा होणं शक्य नव्हतं.

प्रश्न: कॉरिंथचा पंखवाला घोडा मग कुणी कुणी चोरला?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: चोरला नाही. ल्यूकास, अँब्रेशिया ही कॉरिंथ या ग्रीक शहराच्याच लोकांनी वसवलेली गावं, त्यांनी तोच पेगॅसस, म्हणजे पंखवाला घोडा, आणि तेच साधारण 8.6 ग्रॅमचं वजन ठेवलं, फक्त खाली आपलं अक्षर टाकलं. कॉरिंथचं कोप्पा, ल्यूकासचं लॅम्डा, अँब्रेशियाचं अल्फा. कलेक्शन करणारे आधी ते अक्षरच बघतात.

प्रश्न: आपल्याकडे अशी ग्रीक नक्कल झाली का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमच्याच जिल्ह्यात बघा की! जोगलटेंभीला 1906 मध्ये पश्चिम भारतातल्या क्षत्रप घराण्याचा राजा नहपान याची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. राजाचा उजवीकडे बघणारा चेहरा आणि भोवती गोल ग्रीक अक्षरं ही पद्धत इंडो-ग्रीक, म्हणजे वायव्य भारतात राज्य केलेल्या ग्रीक, राजांच्या नाण्यांवरून आली, आणि पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलंय की मिनँडर आणि अपोलोडोटस या इंडो-ग्रीक राजांची जुनी नाणी भडोचच्या बाजारात तेव्हाही चालत होती, म्हणजे नमुना रोज हातातच होता. नहपानाच्या नाण्यावरची ग्रीक अक्षरं वाचता येतात, त्याचं नाव लागतं. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ती हळूहळू नुसत्या उभ्या-आडव्या रेघा होतात, कारण कोरणाऱ्याला ग्रीक येतच नव्हतं. जोगलटेंभीच्या ढिगातल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप परत मारलाय, एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे चारी टोकांना गोल असलेली फुली. त्यामुळे हातात असं नाणं आलं तर आधी कडेला बघा, डोंगराच्या बाहेर नहपानाचं नाक नाहीतर दोन-चार ग्रीक अक्षरं शिल्लक असतात.