घाट उतरण्याची वेळ कोण ठरवतो?

गाड्यांच्या खेपा लावताना ड्रायव्हरच्या सुरक्षेचा विचार कसा करायचा, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमचा म्हापशात भाजीचा घाऊक धंदा आहे. टेम्पो रात्री बेळगावहून चोर्ला घाटातून येतात, तोच रस्ता जवळचा. ड्रायव्हर जुने आहेत, तरी पावसाळ्यात जीव टांगणीला लागतो. रस्ता बदलावा का?

रस्त्याआधी वेळ बघा. भाजी पहाटे पाचला बाजारात हवी म्हणून गाडी दीडच्या सुमारास बेळगाव सोडत असेल, तर चोर्ल्याची वळणे नेमकी दोन ते पाचच्या दरम्यान येतात. माणसाच्या शरीराला सगळ्यात गाढ झोप हवी असते ती याच वेळी, आणि त्यात अनुभवाचा उपयोग होत नाही. ताशी ३० किलोमीटरने उतरणाऱ्या गाडीत तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. घाटात एवढ्यात वळण हुकते.

दुसरी गोष्ट खेपा लावणाऱ्याच्या लक्षात सहसा येत नाही. घाटावरून गोव्यात येणारा माल उतारानेच येतो. म्हणजे आपली भरलेली गाडी घाट उतरते आणि रिकामी चढते, सगळा भार ब्रेकवर. उतारभर पाय ब्रेकवर राहिला की ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर, असे जुने ड्रायव्हर नव्यांना सांगतात ते यासाठीच. पण खालच्या गिअरवर उतरायला वेळ लागतो. तो वेळ तुमच्या हिशेबात धरलेला नसेल, तर मागे पडलेला ड्रायव्हर वरचा गिअर टाकणार, नाहीतर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणार. अपघात झाल्यावर चूक त्याची म्हणतात. मला ते मान्य नाही. वेळ त्याला कोणी दिला होता, हे आधी विचारले पाहिजे.

खरेदी संध्याकाळी उरकत असेल तर गाडी आठला काढा. अकराच्या आत ती केरीला उतरलेली असेल. पुढे साखळी, डिचोली करून गोदामात लावायची, ड्रायव्हरने झोपायचे आणि पहाटे बाजारात माल पोचवायला दुसरा माणूस. खरेदीच उशिरा होत असेल, तर रात्रीचा ड्रायव्हर दुपारी झोपून आलेला हवा. झोपला का, हे चावी देण्यापूर्वी स्पष्ट विचारा. गाडीत माल पासिंगपेक्षा, म्हणजे मंजूर वजनापेक्षा, जास्त भरणे तर उतारावर सरळ जिवाशी गाठ आहे.

अनमोड–मोले रस्ता म्हापशाला फार लांब पडतो आणि धुके व दरड यांपासून तोही मोकळा नाही. दोन्ही घाटांत जड वाहनांवरचे निर्बंध बदलत राहतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या दिवसाचा आदेश पाहा. धुके दाटले तर घाट लागण्याआधी कणकुंबीत थांबायचे आणि थांबल्याबद्दल एक पैसाही कापायचा नाही, हे आजच ड्रायव्हरांना सांगून टाका. रात्री दोनला फोनवर ठरवण्याची ही गोष्ट नव्हे.

प्रश्न : वेर्ण्यातल्या कारखान्यांसाठी आम्ही कामगारांच्या बस चालवतो. सकाळची आणि रात्रीची शिफ्ट एकच ड्रायव्हर करतो. मधे तो सहा-सात तास मोकळा असतो. चालते का?

नाही. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली) घातलेले माप असे होते : दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि मधली विश्रांती धरून कामाचा एकूण पसारा १२ तासांच्या आत. पहाटे साडेपाचला पहिला कामगार घेणारा आणि रात्री अकराला शेवटचा सोडणारा ड्रायव्हर या मापात बसूच शकत नाही. कारखान्याच्या आवारात तापलेल्या बसमध्ये सीटवर आडवे होणे ही झोप नव्हे. काणकोणचा फेरा असेल तर दिवसाअखेर करमल घाटही त्याच्याच वाट्याला येतो. दोन ड्रायव्हर ठेवा आणि तो खर्च कंत्राटाच्या दरात मागा.

जाता जाता, थांबेही तपासा. पहाटे अंधारात राष्ट्रीय महामार्ग ६६ ओलांडून कामगाराला बस पकडावी लागत असेल, तर बसने पाच मिनिटांचा वळसा घेऊन त्याच्या बाजूला यावे.

प्रश्न : मी पर्वरीत मार्ग आखण्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत आहे. धोका आकड्यांत कसा बसवायचा?

डँट्झिग आणि रॅम्सर या अभ्यासकांनी १९५९ मध्ये ट्रक पाठवण्याचे गणित मांडले, तेव्हा कमी करायचे होते ते एकूण अंतर. आज बहुतेक ठिकाणी अंतर, वेळ आणि डिझेल एवढेच मोजतात. त्यात रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला धोक्याचा दंड म्हणून जास्तीची मिनिटे धरा, पण तो दंड तासागणिक वेगळा ठेवा. फोंड्याहून पणजीला संध्याकाळी निघालेल्याच्या डोळ्यांवर ऊन येते, सकाळी त्याच रस्त्याला ती अडचण नसते. पावसाळ्यात रात्री गुरे डांबरावर बसलेली असतात.

महामार्गांवरच्या ब्लॅक स्पॉटची, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेची, सरकारी व्याख्या अशी : सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. एवढी किंमत मोजल्यावर मिळणाऱ्या माहितीवर थांबू नका. जीपीएसमधून जोराने ब्रेक लागलेल्या जागा मिळतात, त्या नकाशावर टाका आणि ड्रायव्हरांना बसवून विचारा की इथे काय होते. अमेरिकेत यूपीएस ही पार्सल पोचवणारी कंपनी समोरची वाहतूक कापणारी वळणे शक्यतो टाळते; आपल्याकडे ती उजवी वळणे.

मात्र सगळेच या दंडाच्या मिनिटांवर सोडू नका. दंड कितीही लावला, तरी घाईच्या दिवशी गणित त्यावर मात करते. कामाचे तास आणि पहाटेचा घाट ही बंधनेच ठेवा. मोडली तर मार्गच निघता कामा नये.

प्रश्न : स्कूटरवरून पार्सल पोचवतो. ॲप पणजीच्या अटल सेतूवरून रस्ता दाखवते.

त्या पुलावर दुचाकींना बंदी आहे. कंपनीला ॲपमध्ये वाहनाचा प्रकार दुरुस्त करायला लावा आणि जुन्या पुलाचा वेळ धरून पोचण्याची वेळ वाढवून घ्या. चोडण, दिवाडीच्या ऑर्डरीत फेरीबोटीची रांगही धरलेली हवी.

प्रश्न : माझे यजमान ट्रक चालवतात. मालक सारखा फोन करून कुठे पोचलास विचारतो. उचलला नाही तर ओरडतो. काय करावे?

वहिनी, चालत्या गाडीत हातात फोन धरणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे. दंड आणि जीव, दोन्ही यजमानांचेच जातात. ट्रकला जीपीएस असेल तर मालकाला जागा स्क्रीनवर दिसते. नसेल तर थांबण्याची ठिकाणे आधी ठरवून घ्यावीत, उदाहरणार्थ मोले, धारबांदोडा, कुर्टी, आणि तिथे गाडी बाजूला लावूनच यजमानांनी फोन करावा. हे मालकाला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, म्हणजे पुढे वाद झाला तर लेखी राहील. आणि तुमचाही फोन त्याच थांब्यांवर येईल असे घरात ठरवा.