मार्क हॅनाला 'सूत्रधार' म्हणावे का?

प्रश्न असा आहे : अमेरिकेतल्या १८९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीवरच्या मजकुरात रिपब्लिकन उमेदवार मॅकिन्लीचा प्रचार चालवणाऱ्या मार्क हॅनाला 'पार्टी बॉस' म्हटलेले असते. मराठीत 'पक्षाचा सूत्रधार' चालेल का?

चालेल, पण मला खटकतो. सूत्रधार मुळात नाटक उभे करणारा. आज मात्र 'कटाचा सूत्रधार' म्हणूनच जास्त भेटतो. म्हणजे दोऱ्या ओढणारा एक आणि नाचणारा दुसरा. हॅनाच्या विरोधकांनी हेच चित्र रंगवले होते. हर्स्टच्या 'न्यूयॉर्क जर्नल' या वृत्तपत्रात व्यंगचित्रकार होमर डेव्हनपोर्ट त्याला डॉलरच्या चिन्हांनी भरलेल्या कपड्यांत काढी आणि मॅकिन्ली त्याच्या मुठीतला. आपण 'सूत्रधार' लिहिले की नकळत डेव्हनपोर्टची बाजू घेतो.

प्रत्यक्षात? हॅना क्लीव्हलंडचा, सासऱ्याच्या कोळसा-लोखंडाच्या धंद्यात मोठा झालेला. १८८० मध्ये अध्यक्षपदाला उभ्या असलेल्या गारफील्डसाठी व्यापाऱ्यांकडून पैसा गोळा करताना त्याला राजकारणाची गोडी लागली. १८८८ मध्ये सिनेटर शर्मनच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी केलेली खटपट वाया गेली. १८९३ मध्ये मित्राला जामीन राहिलेला मॅकिन्ली कर्जात बुडाला, तेव्हा त्याला सावरणाऱ्यांत हॅना होता. १८९६ मध्ये रिपब्लिकन राष्ट्रीय समितीचा अध्यक्ष झाल्यावर त्याने वर्गणीची रीतच बदलली. बँकांना 'द्याल ते द्या' नाही, तर भांडवलाच्या शेकडा पाव असा दर लावून दिला! सुमारे ३५ लाख डॉलर जमले. धंदेवाल्याची वसुली ती.

पण हाच हॅना मॅकिन्लीला म्हणत होता, विरोधी उमेदवार ब्रायनसारखा गावोगाव फीर. मॅकिन्ली हलला नाही. कॅन्टन या आपल्या गावातल्या घराच्या ओसरीवरूनच बोलत राहिला. दोरी हॅनाच्या हातात असती, तर हे कसे घडले असते?

'बॉस' शब्द न्यूयॉर्कचा प्लॅट, पेनसिल्व्हेनियाचा क्वे अशांना शोभतो. सरकारी नोकऱ्या वाटून राज्यातली पक्षयंत्रणा मुठीत ठेवणारे ते. उमेदवारी मिळवताना मॅकिन्लीच्या गोटाची घोषणाच 'बॉस लोकांविरुद्ध जनता' अशी होती. तिथे हॅनालाच बॉस म्हणणे जरा गमतीचे.

मी 'कारभारी' सुचवेन. पैसा, माणसे, छपाई सगळे त्याच्याकडे, शिक्का मात्र धन्याचा. पेशवाईची आठवण असलेल्या वाचकाला कारभाऱ्याचे वजनही सांगावे लागत नाही. १८९७ मध्ये शर्मन परराष्ट्रमंत्री झाल्याने रिकाम्या झालेल्या जागेवर हॅना सिनेटर झाला; तिथून पुढे त्याला सरळ 'नेता' म्हणा. आणि डेव्हनपोर्टच्या चित्राचेच वर्णन करत असाल, तर 'सूत्रधार' खुशाल ठेवा.